दाबाचा बंदोबस्त

टर्बोचार्जर असलेल्या मोटारीचा मालक बूस्ट कंट्रोलर विकत घ्यायला निघाला म्हणजे त्याच्यापुढे साधारणतः चार प्रकारच्या वस्तू मांडल्या जातात: हाताने पिळून थोडी हवा बाहेर सोडावी अशी पितळेची चिमुकली झडप, गोळी आणि स्प्रिंग यांच्या जोरावर उघडझाप करणारी तिचीच सुधारलेली आवृत्ती, विजेच्या स्पंदांवर चालणारा सोलेनॉइड व त्याच्या दिमतीस दिलेली आकड्यांची पेटी, आणि स्टेपर मोटरने झडप अंशाअंशाने फिरवणारे महागडे इलेक्ट्रॉनिक यंत्र. किंमत, चकाकी आणि मित्रमंडळींचा आग्रह यांवरून त्यांची प्रतवारी लावण्याचा प्रघात आहे. परंतु इंजिनात कोंबल्या जाणाऱ्या हवेचा दाब कोणाच्या हुकमाने ठरावा, या एकाच प्रश्नाची ही निरनिराळ्या काळांत दिली गेलेली उत्तरे आहेत, आणि ती कोणत्या अडचणीतून निघाली हे ठाऊक असल्यावाचून त्यांच्यातली निवड डोळसपणे करता येत नाही, असे माझे मत आहे.

प्रश्न उद्भवतो तो टर्बोचार्जरच्या स्वभावामुळे. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एका चक्राची पाती फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास बसवलेले चक्र बाहेरची हवा ओढून, दाबून, इंजिनाच्या मुखात भरते. हवा अधिक भरली म्हणजे इंधन अधिक जाळता येते, इंधन अधिक जळाले म्हणजे धूर अधिक निघतो, आणि धूर अधिक निघाला म्हणजे मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकणारे ते चक्र आणखी वेग धरते. हे वर्तुळ आपण होऊन योग्य ठिकाणी थांबत नाही. ते थांबते ते हेड गॅस्केट फुटल्यावर, किंवा ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच सिलिंडरातले उरलेले मिश्रण आपोआप भडकून, ठोके वाजवीत, पिस्टनला भोक पाडून गेल्यावर. म्हणून धुराचा काही भाग चक्राला वळसा घालून थेट सायलेन्सरकडे सोडणारे एक दार ठेवावे लागते; यंत्रशाळेत त्याला वेस्टगेट म्हणतात. त्या दाराच्या कडीवर कोणाचा हात असावा, याभोवती बूस्ट कंट्रोलरचा सारा इतिहास फिरतो.

टर्बोचार्जरच्या मूळ कल्पनेचे जनक आल्फ्रेड ब्युखी हे स्वित्झर्लंडमधील विंटरटूर या कारखानदारीच्या नगरातले अभियंते. वाया जाणाऱ्या धुरातील ऊर्जा इंजिनाच्याच कामी लावण्याची योजना त्यांनी १९०५ साली पेटंटच्या रूपाने नोंदवली; पण तीव्र उष्णतेत टिकेल असा धातू आणि हवा नेमकेपणाने दाबील असे चक्र या दोन्ही गोष्टी त्या काळी कोणाच्या हाती नसल्यामुळे ती योजना दीर्घकाळ कागदावरच राहिली. १९२० च्या दशकात ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन उतारू जहाजांच्या डिझेल इंजिनांवर ब्युखींची पद्धत बसवण्यात आली, तेव्हा प्रत्येक इंजिनाची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. या जहाजांच्या बाबतीत दाब आवरण्याचा प्रश्न मोठा नव्हता, कारण समुद्रावर इंजिन तासन्‌तास एकाच गतीने चालते आणि पूर्ण भाराला साजेल असे चक्र निवडले की तेच स्वतःची मर्यादा सांभाळते.

आगगाडीच्या इंजिनांतही पुढे हाच मार्ग अवलंबिला गेला, आणि त्याचा परिणाम आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी, त्यामागचे कारण ठाऊक नसतानाही, डोळ्यांनी पाहिला आहे. पुणे-मिरज मार्गावर अनेक दशके राबलेले डब्ल्यूडीएम-२ हे २,६०० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन स्थानकातून गाडी ओढू लागताना काळ्या धुराचा जो प्रचंड लोट सोडत असे, तो चक्राच्या आळसाचा पुरावा होता: इंधन तत्काळ येई, पण अवजड चक्राने वेग धरून पुरेशी हवा पुरवीपर्यंत काही क्षण जात, आणि तेवढ्या वेळात अर्धवट जळालेले डिझेल आकाशात जाई. मालगाडीला हा विलंब चालतो. वळणावळणाच्या रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीला तो चालत नाही, आणि डोंगरावरून झेप घेणाऱ्या विमानाला तर मुळीच नाही.

विमानांच्या बाजूनेच नियंत्रणाचा खरा आरंभ झाला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये ओग्यूस्त रातो यांनी विमानाच्या इंजिनाला असे चक्र जोडण्याचे प्रयोग केले, आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील सॅनफोर्ड मॉस यांच्याकडे तेच काम सोपवण्यात आले. विरळ हवेत इंजिनाचा जीव घुसमटतो. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे लिबर्टी इंजिन उंचावर किती देईल हे मोजण्यासाठी मॉस यांनी १९१८ साली ते कोलोरॅडोतील पाइक्स पीक या शिखरावर, म्हणजे १४,१०९ फुटांवर, एका ट्रकवर लादून नेले. तेथे साध्या अवस्थेत त्याची शक्ती २३० अश्वशक्तीच्या आसपास उतरली, आणि टर्बोचार्जर जोडताच ३५६ वर गेली. ज्या कार्यशाळेत हवा बदलता येत नाही, ती कार्यशाळाच उचलून पर्वतावर नेण्याची ही तजवीज मला यंत्रविद्येच्या इतिहासातील अत्यंत सुंदर घटनांपैकी एक वाटते.

पण त्या चक्राचा कारभार वैमानिकाच्या हातात होता. जमिनीजवळ हवा दाट असते, म्हणून तेथे धुराचे दार उघडे ठेवायचे. वर चढत जावे तसतसे ते हळूहळू मिटत न्यायचे. आणि खाली उतरताना विसरून ते मिटलेलेच राहिले तर इंजिन फुटेल याची आठवण ठेवायची. २७ फेब्रुवारी १९२० रोजी मेजर रुडॉल्फ श्रोडर यांनी अशाच टर्बोचार्जरच्या बळावर आपले दुपंखी विमान ३३,११३ फुटांपर्यंत नेले. तेथील असह्य थंडीत डोळे गोठलेल्या आणि प्राणवायू कमी पडलेल्या अवस्थेत त्यांची शुद्ध हरपली, विमान कोसळत खाली आले, आणि दाट हवेत भान परतल्यावर त्यांनी ते कसेबसे उतरवले. ज्या माणसाला स्वतःचा श्वास सांभाळणे अशक्य झाले आहे, त्यालाच इंजिनाच्या श्वासाचाही हिशेब ठेवायला लावणे ही व्यवस्था फार काळ टिकणारी नव्हती.

दुसऱ्या महायुद्धातील बी-१७ या बॉम्बफेकी विमानाला चार इंजिने आणि चार टर्बोचार्जर होते. प्रारंभीच्या आवृत्त्यांत वेस्टगेट हलवण्याचे काम तेलाच्या दाबावर चालणारे नियामक करीत. परंतु तीस हजार फुटांवरच्या थंडीत तेलच घट्ट होऊन बसे, हुकूम वेळेवर पोचत नसे, आणि चार इंजिने चार वेगळ्या दाबांवर चालू लागत. यावर मिनियापोलिस-हनीवेल कंपनीने जो उपाय काढला तो आजच्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलरचा पूर्वज मानावा लागेल: दाब मोजणारा घटक विजेचा संदेश देई, निर्वात नळ्यांचा वर्धक त्याला बळ देई, आणि एक लहानशी विद्युत मोटर वेस्टगेट हलवी. वैमानिकापुढे चार तरफांऐवजी शून्यापासून दहापर्यंत आकडे असलेली एकच फिरकी उरली. फिरकीवरचा आकडा म्हणजे ‘मला इतका दाब हवा’ ही केवळ इच्छा. ती पुरी करण्यासाठी दार किती उघडायचे, हा तपशील यंत्राने ठरवायचा. इच्छा आणि अंमलबजावणी यांची ही फारकत या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची पायरी होय, आणि मोटारीपर्यंत ती पोचायला त्यानंतर जवळजवळ चार दशके लागली.

मोटारींच्या जगाने आरंभ केला तो मागे जाऊनच. १९६२ साली जनरल मोटर्सच्या दोन शाखांनी एकाच वसंतऋतूत टर्बोचार्जर असलेल्या दोन गाड्या बाजारात आणल्या, आणि दाब आवरण्याच्या त्यांच्या दोन तऱ्हा परस्परांच्या अगदी विरुद्ध होत्या. शेव्हरोले कॉर्व्हेअरला वेस्टगेटच नव्हते. कार्ब्युरेटरची अरुंद वाट आणि सायलेन्सरचा अवरोध यांनीच चक्राला दमवून मर्यादेत ठेवावे अशी तेथील योजना, म्हणजे सर्व वेळ थोडी शक्ती गमावण्याच्या मोबदल्यात विकत घेतलेली सुरक्षितता. ओल्ड्समोबिल जेटफायरला वेस्टगेट होते, दाब चौरस इंचाला सुमारे पाच पौंडांवर बांधलेला होता. पण इंजिनाचे संपीडन-गुणोत्तर १०.२५ इतके चढे ठेवल्यामुळे ठोके टाळण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी आणि मेथिल अल्कोहोल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून आत फवारावे लागे, आणि ते मिश्रण संपले तर एक जादा झडप वाट अडवून दाब वाढूच देत नसे. यंत्राने स्वतःच्या बचावाचा असा पक्का बंदोबस्त केला होता. केवळ मालकांना टाकी भरण्याची सवय लागली नाही. ती रिकामी ठेवून ते गाडी चालवीत, गाडीला जोर नाही अशी तक्रार करीत, आणि अखेर कंपनीने अनेक गाड्यांवरचा टर्बोचार्जर काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. अभियंत्यांनी येथे ग्राहकाच्या नियमितपणावर भिस्त ठेवली, आणि रोजच्या वापराच्या वस्तूत अशी भिस्त ठेवणे हा दोष ग्राहकाचा नव्हे, रचनेचा असे मला निश्चितपणे म्हणावेसे वाटते.

पुढची दहा वर्षे हे ज्ञान शर्यतींच्या मैदानावर वाढले. डिझेल इंजिने बनवणाऱ्या कमिन्स कंपनीने १९५२ सालीच इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत टर्बोचार्जर लावलेली गाडी उतरवून पहिल्या जागेवरून सुरुवात करण्याचा मान मिळवला होता. वाटेत चक्राचे मुख ट्रॅकवरच्या रबराच्या कचऱ्याने तुंबले आणि गाडी बाद झाली. (याच कंपनीने पुढे १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्याच्या कोथरूडमध्ये आपला कारखाना काढला.) १९६८ साली बॉबी अन्सर यांनी तीच शर्यत टर्बोचार्जरच्या गाडीने जिंकली, आणि त्यानंतर दाबाचे आकडे इतक्या बेबंदपणे चढले की १९७४ पासून संयोजकांना प्रत्येक गाडीवर स्वतःची, ठरावीक दाबाला उघडणारी झडप बसवण्याचे फर्मान काढावे लागले. तरी पळवाटा निघतच राहिल्या. १९७९ साली काही गाड्यांच्या वेस्टगेटमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची तोंडे अरुंद केलेली आढळली, तंटा माजला, जादा पात्रताफेरी घ्यावी लागली, आणि नेहमीच्या तेहतीसऐवजी पस्तीस गाड्यांनी शर्यत सुरू केली.

युरोपात पोर्शेच्या अभियंत्यांनी, हान्स मेट्झगर आणि व्हॅलेंटिन शेफर हे त्यांतले प्रमुख, ९१७ या गाडीच्या कॅन-ॲम शर्यतींसाठीच्या आवृत्तीत धुराच्या बाजूच्या वेस्टगेटचा असा अभ्यास केला की लांबच लांब सरळ रस्त्यांपुरतेच उपयोगी मानले जाणारे टर्बो इंजिन वळणावळणाच्या मार्गावरही हुकमी चालू लागले. १९७३ साली मार्क डोनोह्यू चालवीत असलेल्या ९१७/३० मध्ये दाब कमीजास्त करण्याची फिरकी चालकाच्या हाताशी होती आणि इंजिनाची शक्ती हजार अश्वशक्तीच्या पलीकडे जाई. त्याच अभ्यासाचे फळ म्हणून १९७४ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेली ९११ टर्बो ०.८ बार दाबावर २६० अश्वशक्ती देत होती. मात्र तिच्यात फिरकी नव्हती. तिच्या जागी पोलादी स्प्रिंग आणि रबरी पडदा होता: दबलेली हवा बारीक नळीने पडद्यावर येई, ठरलेल्या मर्यादेला स्प्रिंग हार खाई आणि दार उघडे.

हा स्प्रिंग-पडद्याचा संच, ज्याला ॲक्च्युएटर म्हणतात, स्वस्त, टिकाऊ आणि इमानी असल्यामुळे पुढे सार्वत्रिक झाला, आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बूस्ट कंट्रोलरांची करामत त्याच्याच इमानाचा फायदा घेण्यात आहे. वसुलीचा आकडा मामलेदारापर्यंत पोचण्याआधी मधल्या कारकुनाने तो थोडा कमी करून लिहावा आणि मामलेदाराने त्यावर विश्वासून जमाबंदी आणखी चालू ठेवावी, तसे हे यंत्र ॲक्च्युएटरकडे जाणाऱ्या नळीतली थोडी हवा मधेच सोडून देते. बिचारा पडदा दाब कमी आहे असे समजून दार मिटलेले ठेवतो, आणि प्रत्यक्षात दाब वाढत राहतो. यावरून एक गोष्ट सिद्ध होते, जी विकत घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना ठाऊक नसते: असा कंट्रोलर दाब वाढवू शकतो, पण स्प्रिंगने ठरवलेल्या किमान मर्यादेखाली तो कधीच आणू शकत नाही. कमी दाब हवा असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते.

पण यंत्राला केवळ फसवण्याऐवजी त्याला जाणीव देण्याचा विचार सर्वप्रथम समर्थपणे केला तो स्वीडनच्या साब कंपनीने, आणि या ठिकाणी मला थोडे रेंगाळावेसे वाटते. पेर यिलब्राँड यांच्या नेतृत्वाखाली १९७७ साली पुढे आलेल्या साब ९९ टर्बोचे तत्त्व असे होते की चक्र मुद्दाम लहान निवडावे, म्हणजे ते रोजच्या वाहतुकीच्या मंद गतीलाही चटकन वेग धरील, आणि वरच्या गतीला जो अतिरेक होईल तो वेस्टगेटने बाहेर टाकावा. शर्यतीतील गाडीला सर्वाधिक शक्ती हवी असते; घरून कचेरीत जाणाऱ्या माणसाला ओव्हरटेक करताना लागेल तेवढीच, पण मागितल्याक्षणी. त्यानंतर १९८२ च्या गाड्यांतून त्यांनी एपीसी नावाची व्यवस्था आणली, तीत इंजिनाच्या अंगाला लावलेला एक संवेदक सिलिंडरातले ठोके ऐके, आणि ते ऐकू येताच एक सोलेनॉइड ॲक्च्युएटरकडे अधिक दाब पाठवून वेस्टगेट उघडवी. पेट्रोल हलक्या प्रतीचे पडले तर इंजिन आपण होऊन दाब उतरवी, चांगले मिळाले तर चढवी. त्या भरवशावर संपीडनही ७.२ वरून ८.५ वर नेता आले, म्हणजे कमी इंधनात अधिक काम झाले. जेटफायरने जे ओझे मालकावर टाकले होते ते येथे यंत्राने स्वतःच्या शिरावर घेतले. टर्बोचार्जर सामान्य माणसाच्या घरात नांदू लागला याचे श्रेय अश्वशक्तीचे विक्रम करणाऱ्यांपेक्षा मी यिलब्राँड यांच्या या ऐकणाऱ्या इंजिनाला देतो.

त्याच काळात फॉर्म्युला वनमध्ये उलटे टोक गाठले जात होते. रेनॉने १९७७ मध्ये दीड लिटरचे टर्बो इंजिन आणले, १९७९ मध्ये दिजों येथे पहिला विजय मिळवला, आणि १९८६ पर्यंत बीएमडब्ल्यूचे चार सिलिंडरांचे दीड लिटर इंजिन पात्रताफेरीत १,३०० अश्वशक्तीच्या आसपास देत असावे असा जाणकारांचा अंदाज होता. वेस्टगेट चक्क बंद करून टाकलेली ती इंजिने मोजक्या फेऱ्यांपुरतीच जगत. मुख्य शर्यतीत मात्र इंधनाला मर्यादा होती, आणि तेथे चालकाच्या हातातली बूस्टची फिरकी ही तिजोरीची किल्ली ठरे. १९८५ च्या इमोला येथील शर्यतीत २२० लिटरांच्या हिशेबाने आघाडीवर असलेल्या सेना या चालकाचे पेट्रोल अखेरच्या फेऱ्यांत संपले, त्याच्या जागी आलेल्या योहान्सनचेही संपले, प्रोस्त पहिला आला तर त्याची गाडी वजनात कमी भरल्याने बाद झाली, आणि विजेतेपद एलिओ दे अँजेलिसकडे गेले. पुढे नियामकांनी प्रत्येक गाडीवर झडप बसवून निरपेक्ष दाब १९८७ मध्ये ४ बार आणि १९८८ मध्ये २.५ बार इतका उतरवला, आणि १९८९ पासून टर्बोचार्जर अजिबात बंद केला.

सुटा बूस्ट कंट्रोलर हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून भरभराटला तो जपानात, आणि त्यामागे एक विलक्षण परिस्थिती होती. तेथील मोटारकंपन्यांनी १९८९ ते २००४ या काळात आपल्या गाड्यांची जाहीर शक्ती २८० अश्वशक्तीपुढे न नेण्याचा आपसांत अलिखित करार पाळला. इंजिने मात्र त्याहून कितीतरी अधिक सोसतील अशा बांध्याची घडवली जात होती. १९८९ च्या निस्सान स्कायलाइन जीटी-आरमध्ये ॲक्च्युएटरच्या नळीत बसवलेला एक बारीक छिद्राचा अडथळा काढला की दाब लक्षणीय वाढतो, ही गोष्ट तेथल्या शौकिनांत लवकरच सर्वश्रुत झाली. कारखान्याने राखून ठेवलेली शक्ती आणि ती मिळवू पाहणारा मालक यांच्या मधली ही जागा फुजी पर्वताच्या परिसरात १९७३ साली स्थापन झालेल्या एचकेएससारख्या कंपन्यांनी व्यापली. तिचा ईव्हीसी, ग्रेडीचा प्रोफेक, ब्लिट्झचा एसबीसी ही नावे मोटारशौकिनांच्या एका संपूर्ण पिढीला तोंडपाठ आहेत. बी-१७ च्या वैमानिकाची फिरकी आकड्यांच्या लहानशा पेटीच्या रूपाने साध्या मोटारीच्या डॅशबोर्डवर आली ती अशी.

आता निवडीचा प्रश्न. हवा सोडणारी पितळी झडप सर्वांत स्वस्त. पण ती सदैव थोडी गळत असल्यामुळे दाब ऋतू, उंची आणि गिअर यांप्रमाणे थोडा हलतो. गोळी-स्प्रिंगची झडप ठरलेल्या दाबापर्यंत ॲक्च्युएटरला हवा लागूच देत नाही, म्हणून वेस्टगेट शेवटपर्यंत घट्ट मिटलेले राहते आणि चक्र लवकर जोर धरते. साध्या, जुन्या, एकाच दाबावर चालवायच्या गाडीला मी हीच सुचवीन. तीन तोंडांचा सोलेनॉइड सेकंदाला अनेकदा उघडझाप करून हवेचा कितवा हिस्सा ॲक्च्युएटरला द्यायचा हे ठरवतो, त्यामुळे गिअर व वेग यांनुसार वेगवेगळा दाब ठेवता येतो, आणि योग्य तऱ्हेने जोडलेला असला तर वीज तुटल्यास गाडी आपोआप स्प्रिंगच्या किमान दाबावर येते. हा शेवटचा गुण मला त्याच्या सर्व आकड्यांपेक्षा मोलाचा वाटतो. स्टेपर मोटरचे यंत्र अधिक अचूक आणि मोठे वेस्टगेट हाताळण्यास अधिक समर्थ. परंतु रस्त्यावरच्या गाडीला त्याची गरज क्वचित पडते.

बसवताना चुका होतात त्या बहुधा नळ्यांच्या. दाब घ्यायचा तो कॉम्प्रेसरच्या बाहेरच्या तोंडापासून. थ्रॉटलच्या पलीकडून घेतला तर पाय उचलताच तेथे निर्वात होते आणि यंत्राची दिशाभूल होते. ती नळी दुसऱ्या कोणत्याही मापकाशी वाटून घेऊ नये. नळ्या आखूड, जाड भिंतीच्या, दोन्ही टोकांना क्लिप लावलेल्या असाव्यात, कारण ॲक्च्युएटरची नळी निसटली म्हणजे दार मिटलेलेच राहते आणि दाबाला कोणताच धरबंद उरत नाही. सोलेनॉइड इंजिनावर न बसवता गाडीच्या पत्र्यावर, धुराच्या नळ्यांपासून दूर बसवावा. आत येणारी हवा मोजणारे मापक असलेल्या गाडीत सोडलेली हवा मापकाच्या पुढच्या वाटेत परत न्यावी, म्हणजे मोजलेल्या हवेचा हिशेब चुकत नाही. मग यंत्र अगदी खालच्या मर्यादेवर ठेवून, मोकळ्या आणि परवानगी असलेल्या जागी, वरच्या गिअरमध्ये गाडी चालवून फक्त स्प्रिंगचा दाब किती येतो ते पाहावे. आणि त्यानंतर एक दशांश बारच्या टप्प्याने चढत जावे, प्रत्येक टप्प्यावर हवा-इंधनाचे प्रमाण आणि ठोके तपासत. इंधन पुरवणारा पंप आणि इंजेक्टर यांची पोच संपली की तेथे थांबलेच पाहिजे. कंट्रोलर अधिक हवा देऊ शकतो, तिच्या जोडीचे पेट्रोल देऊ शकत नाही.

आपल्याकडे याला कायद्याचीही बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हेच दृढ केले. शिवाय प्रदूषणाचे निकष आहेत. आज भारतात विकल्या जाणाऱ्या लहान टर्बो पेट्रोल गाड्यांत वेस्टगेटचा हुकूम इंजिनाच्या संगणकाकडूनच सुटतो, आणि सुट्या पेटीचा पूर्वीचा व्यापार बहुतांशी त्या संगणकातील आकडे बदलणाऱ्या कारागिरांकडे गेला आहे.

आणि आता हे दारच काढून टाकण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत. फॉर्म्युला वनमध्ये २०१४ ला टर्बोचार्जर परतला तेव्हा त्याच्या दांड्यावर एक विद्युत यंत्र बसवलेले होते: चक्र आळशी असेल तेव्हा ते त्याला ढकली, आणि माजू लागले की ब्रेक लावून त्या वेगाची वीज करी. २०२६ च्या नियमांत ते खर्च आणि गुंतागुंत यांमुळे वगळण्यात आले. पण रस्त्यावर तोच विचार पोर्शेने २०२४ साली ९११ कॅरेरा जीटीएसमध्ये आणला, तिच्या ३.६ लिटर इंजिनाच्या टर्बोचार्जरमधील विद्युत मोटर दाब आवरण्याचे काम स्वतःच करते, जादा धुरातून ११ किलोवॉटपर्यंत वीज मिळवते, आणि त्यामुळे त्या गाडीला वेस्टगेट ठेवलेलेच नाही.